काळ्या कपड्यांची वाटणी

मी, श्रीमती शीलप्रभा गोमटेश मगदूम, वय सदुसष्ट, धर्म जैन, व्यवसाय पूर्वी शिवणकाम आणि आता आराम, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, उजेडाच्या खिडकीशी बसून, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. क्रांती घोरपडे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मीच एका व्यक्तीवर आणणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण माझ्या हृदयाने यापूर्वी तशी नोटीस दिली नव्हती. डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितले आहे की उन्हाळ्याचे बेत आखू नका.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. धैर्यशील निकम यांनी करावी. ते मला काकू म्हणतात आणि माझे ऐकतात, हे दोन्ही गुण एका वकिलात क्वचित सापडतात. त्यांचा सल्ला होता, "काकू, नुसती मिळकत लिहा, बाकीचं नको." पण मिळकत कशी आली आणि कुणी काय केले हे न लिहिता ती कुणाला का जाते, ते कुणाला कळणार? म्हणून बाकीचेही लिहीत आहे.

कलम २. शाहूपुरीतील दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरच्या मजल्यावर मी राहते. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक गाळा आहे. त्या गाळ्यात माझी पुतणी ऐश्वर्या हिचे "काजळ" नावाचे कपड्यांचे दुकान चालते. माझे धाकटे दीर अरिहंत आणि त्यांची पत्नी त्रिशला यांचे स्वतंत्र घर आहे. वाटणी पूर्वीच झाली आहे. त्या दोघांचा या मिळकतीवर काहीही हक्क नाही. त्रिशला रोज सकाळी दुकानाच्या काउंटरवर येऊन बसते म्हणून तो हक्क होत नाही.

कलम ३. माझ्या खोलीतील सागवानी कपाट आणि त्यातील कपडे. हे सर्व कपडे काळे आहेत. पाहणाऱ्याला वाटते की एकच साडी अनेकदा घेतली आहे. तसे नाही.

माझे पती गोमटेश यांचे कबनूरला माग होते. त्यांच्याकडे दोनच प्रकारचे कापड निघे, छत्रीचे आणि वकिलांच्या गाऊनचे. छत्रीचे कापड घट्ट, चकचकीत, टिचकी मारली तर आवाज करणारे. गाऊनचे मऊ आणि निस्तेज, समोरचा उजेड पिऊन टाकणारे. ते म्हणायचे, "शीला, गगनबावड्याला पाऊस आहे आणि भावाभावांत भांडणं आहेत, तोवर आपलं बरं चाललंय." ते पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. रंगवून आलेले तागे तेव्हा घरातच पडून होते.

दुखवट्यात त्रिशलाने मला पांढरी साडी आणून दिली. मी म्हटले, "माझ्या नवऱ्यानं विणलेलं घरात असताना दुसऱ्याचं कशाला नेसू?"

ती म्हणाली, "आक्का, काळं? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतात ते मी तेव्हापासून ऐकत आहे. ती पांढरी साडी अजून घडीतच आहे. ती त्रिशलाला परत द्यावी.

काळे कसे घालायचे हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अर्सुला यांनी शिकवले. त्या गोव्याच्या होत्या, आम्हाला शिवण शिकवत, आणि रागावल्या की कोंकणीत बोलत. एकदा त्यांनी काळ्या कापडाचे तुकडे खिडकीत ओळीने मांडले आणि आम्हा मुलींना तिथे उभे केले. एक तुकडा निळ्याकडे झुकत होता, एक तपकिरीकडे, एक चक्क हिरवट होता. त्या म्हणाल्या, "मुलींनो, दोन काळे कधी जुळवायला जाऊ नका. जुळवायला गेलात की चूक दिसते. वेगळे ठेवलेत की हेतू दिसतो." त्या दिवशी खिडकीबाहेर बुचाची फुले पडत होती आणि आम्हाला घरी जायची घाई होती. आज वाटते, थोडे थांबायला हवे होते.

कलम ४. वरील कपाटातील कपड्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करावी, आणि ज्यांना ते मिळतील त्यांनी सोबतच्या सूचना पाळाव्यात.

(अ) डॉ. क्रांती घोरपडे यांना माझा काळा लिननचा लांब कोट. बाह्या दोनदा दुमडाव्यात. डोक्यापासून पायापर्यंत काळे घातले की मान, मनगट आणि घोटा एवढे तरी उघडे हवेत. नाहीतर माणूस दिसत नाही, नुसते कापड चालत येते.

(ब) बनाबाई यांना काळी इरकल, सुती, जिचे काठही काळेच आहेत. बनाबाई माझ्याकडे वर्षानुवर्षे स्वयंपाक करतात. त्यांना हे सांगितले तेव्हा म्हणाल्या, "आक्का, मला काळ्यात कोण वळखंल? अंधारात कुत्री भुकतील की." त्यांनी एका हातात काळ्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत भराव्यात आणि दुसरा हात अगदी मोकळा ठेवावा. दोन्ही हात सारखे भरले की बघणाऱ्याची नजर पुढे सरकते. एक मोकळा ठेवला की थांबते. पायात कापडी चपला घालाव्यात. या गावात चामड्याच्या चपलांचे कौतुक आहे, पण माझ्या कपाटातल्या कपड्याखाली चामडे नको.

(क) पेठ वडगावची माझी वहिनी हिला काळी जाळीची ओढणी. ती तिने एका बारशाला म्हणून नेली आणि पिनांची भोके पाडून परत दिली. वर म्हणाली, "काळ्यावर कुठं दिसतंय?" ओढणी त्या भोकांसह द्यावी. तिने ती निस्तेज काळ्या कापडावर उजेडात घ्यावी, म्हणजे दिसेल.

(ड) गाऊनच्या कापडाची साडी आणि छत्रीच्या कापडाचे चुण्यांचे जाकीट हे दोन नग वरील वाटणीत नाहीत. त्यांच्याबद्दल कलम ६ पाहावे. त्याआधी कलम ५ वाचावे लागेल.

कलम ५. सम्मेद हा माझा पुतण्या पोटात असताना त्रिशलाला अंथरुणावर पडून राहावे लागले. तेव्हा तिची मोठी मुलगी ऐश्वर्या माझ्याकडे राहायला आली आणि शाळा संपेपर्यंत राहिली. मला मूल नाही. ऐश्वर्या मला दोड्डव्वा म्हणते. आमच्या सीमेकडच्या घरांत मोठ्या आईला कन्नडमधला हा शब्द चालतो. झोपताना ती माझ्या पदराचे टोक मुठीत धरायची. काळ्या सुताला लहान मुलाच्या हाताचा घाम लागला की तिथे ते थोडे लाल पडते. त्या वेळच्या सगळ्या पदरांची टोके तशी आहेत.

ऐश्वर्याचे लग्न २०१३ साली झाले. सोयरे निपाणीचे. मी त्या दिवसासाठी गाऊनच्या कापडाची साडी नेसले आणि त्यावर छत्रीच्या कापडाचे जाकीट घातले. छत्रीच्या काड्या जशा एका बिंदूतून निघतात, तशा चुण्या मी त्याला मानेपासून घातल्या होत्या. खाली सगळे निस्तेज, वर एवढीच चमक. मी आयुष्यात त्याहून चांगले काही शिवलेले नाही.

कार्यालयाच्या दारात त्रिशला गुलाबी रेशमी शालू नेसून अक्षतांचे तबक घेऊन उभी होती. सासूबाई असेपर्यंत आमच्या घरात रेशीम येत नव्हते, कारण त्यासाठी किडे उकळावे लागतात. त्या गेल्या आणि त्रिशलाचे कपाट भरले. त्रिशलाने मला नखशिखांत पाहिले आणि हळूच म्हणाली, "आक्का, आज तरी नको होतं. व्याही काय म्हणतील? तुम्ही असं करा, रुखवताच्या खोलीत बसा. सामानाकडं लक्ष बी राहील."

हजारो जीव उकळून काढलेले कापड त्या मंडपात शुभ होते. माझ्या नवऱ्याने विणलेले सूत अशुभ होते.

मी त्या खोलीत बसले. दाराला कडी घातली नव्हती; आपल्याच माणसाने सांगितल्यावर कडी लागत नाही. बाहेर मंगलाष्टके झाली, ती मी भांड्यांच्या पाट्यांमध्ये बसून ऐकली. बनाबाई ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाहेर या की. तिथं काय वाघ हाय?" मी म्हटले, "पोरीचं लग्न नीट होऊ दे." त्या माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या आणि त्यांचे स्वतःचे जेवण राहून गेले.

ऐश्वर्याने पाया पडायच्या वेळी विचारले होते, दोड्डव्वा कुठे आहे? त्रिशलाने तिला सांगितले, "डोकं दुखाय लागलं म्हणून घरी गेल्या. तुला सांगू नको म्हणाल्या." हे मला बनाबाईंकडून नंतर कळले. मुलगी सासरी निघाली तेव्हा मी खिडकीच्या गजांतून तिची गाडी पाहिली. तिने मागे वळून पाहिले नाही. कशाला पाहील? तिच्या हिशेबी मी घरी झोपले होते. त्यानंतर पुष्कळ वर्षे ती माझ्याशी पाहुण्यासारखी बोलत असे, आणि मीही तिला माहेरात भांडण नको म्हणून काही सांगितले नाही.

पुढे जावयांची बदली कोल्हापूरला झाली. ऐश्वर्याने माझ्या गाळ्यात दुकान काढले, संपूर्ण काळ्या पेहरावाचे. माझ्या कपाटातले कपडे तिने नमुन्याला नेले, माझे नियम तिने मोबाइलवरच्या व्हिडिओंत सांगितले, आणि मी ते आनंदाने दिले. आजकालच्या मुलींना काळे हवे असते. त्या सांगलीहून, बेळगावहून येतात. आणि काउंटरवर बसलेली त्रिशला, अंगावर डाळिंबी नाहीतर पिस्ता रंगाची साडी, त्यांना सांगते, "आमच्या घरात पहिल्यापासनं काळं हाय, पावणं. परंपराच हाय ती. बाकीच्यांना आत्ता सुचतंय." जिन्यावरून हे सगळे वर ऐकू येते. एका व्हिडिओत तिने माझे जाकीट हातात धरून "ही आमची घरची डिझाइन" असेही सांगितले आहे. तिने स्वतः काळे कधी नेसलेले नाही. विकताना मात्र तिला त्याची लाज वाटत नाही.

या दिवाळीत मी ऐश्वर्याला सांगितले की त्या दिवशी मी घरी गेले नव्हते. ती मापाची टेप बोटाला गुंडाळत बसून राहिली. मग म्हणाली, "दोड्डव्वा, बारा वर्षं झाली. आता आईला काय बोलू मी?" आणि खाली गेली. दुकान उघडायची वेळ झाली होती.

कलम ६. म्हणून खालच्या मजल्यावरील गाळा मी ऐश्वर्या हिला पुढील अटीवर देत आहे. सम्मेदचे लग्न माघात ठरले आहे. त्या लग्नात वरमाय म्हणून त्रिशला हिने, अक्षतांपासून पंगत उठेपर्यंत, डोक्यापासून पायापर्यंत काळे नेसून मंडपाच्या मध्यभागी उभे राहावे. तिने तसे केले नाही, तर गाळा ऐश्वर्याला न मिळता शाळेच्या गणवेशाच्या दुकानाला भाड्याने द्यावा आणि भाडे मुलींच्या एखाद्या वसतिगृहाला जावे.

धैर्यशील म्हणाले, "काकू, अट बेकायदा नाही, पण खुळी आहे." मी म्हटले, खुळी तर खुळी, लिहा.

त्रिशला वाईट दिसली तर लोक काळ्याला नावे ठेवतील, तिला नाही. तेव्हा तिने पुढीलप्रमाणे पेहराव करावा. तिची मान आखूड आणि खांदे रुंद आहेत. गळा खोल, टोकदार असावा. कलम ४ मधील गाऊनच्या कापडाची साडी तिने नेसावी, पदर पिन न लावता मोकळा सोडावा, म्हणजे खांद्यावरून एक उभी रेघ पडते आणि बाई उंच दिसते. त्यावर जाकीट घालावे, ते मी तिच्या मापाला उसवून ठेवले आहे. चमक एकाच जागी असावी. सोने घालू नये. काळ्यावर सोने चढवले की बाई सराफाच्या मखमली डबीसारखी दिसते. गळ्यात काळ्या मण्यांचे तीन सर, कमी-जास्त लांबीचे. केस मागे ओढून बांधावेत आणि तोंडाला पावडर लावू नये. हे सर्व नीट केले तर ती सुंदर दिसेल. मला ते चालेल. तिला ते सोसेल का, हा प्रश्न तिचा आहे.

कलम ७. बँकेतील ठेव निम्मी बनाबाईंना आणि निम्मी माझ्या जुन्या शाळेच्या शिवणवर्गाला. शिवणयंत्र ऐश्वर्याला. गोमटेश यांचा छत्रीचा शेवटचा तागा कुणी विकू नये, कापून वापरावा.

येथपर्यंत लिहून मी मसुदा धैर्यशील यांच्याकडे दिला आणि तो त्रिशलाला वाचून दाखवायला सांगितला. मेल्यानंतर सूड घेण्यात मला रस नाही, कारण मला तो बघता येणार नाही. कलम ८ त्यानंतर लिहिलेले आहे.

कलम ८. त्रिशला दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आली. बारा वर्षांत ती जिना चढली नव्हती, काउंटरपर्यंतच यायची. दम लागला होता.

"आक्का, वरमाय काळ्यात? मांडवात हसतील लोक माझ्यावर."

"प्रत्येक कार्यालयात रुखवताची एक खोली असते," मी म्हटले. "जास्तच हसले तर तिथं बस."

"म्हातारपणी असं वागणार व्हय तुम्ही?"

"तरुणपणी संधी मिळाली नाही."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "काळा ब्लाउज घालते की. काठ काळा घेते. शेंदरी पैठणी घेतलीया मी, येवल्यासनं मागवून."

"काठानं भागत नाही, त्रिशला."

"पोरीचं दुकान जाईल, एवढं तरी बघा."

"तू बघ. पोर तुझी आहे."

ती रडत खाली गेली. मला बरे वाटले. डॉ. क्रांती यांनी त्या संध्याकाळी रक्तदाब मोजला तेव्हा तोही बरा होता.

ऐश्वर्या दोन दिवसांनी आली. तिने गाळ्याच्या किल्ल्या टेबलावर, या कागदांशेजारी ठेवल्या. म्हणाली, "नको मला गाळा. आईचा मांडवात तमाशा करून मला दुकान नको."

मी म्हटले, "तिनं मला दाराआड बसवलं. मी तिला दारापुढं उभी करतेय. हा फरक आहे."

"फरक आहे. पण दोन्ही वेळा लग्न माझ्याच घरचं खराब होतंय. तेव्हा माझं, आता माझ्या भावाचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी तुला शोधायला हवं होतं. एक दार उघडून बघायला काय लागत होतं? दिवाळीतही मी पळूनच गेले. दुकान काय, दहा मिनिटं उशिरा उघडलं असतं."

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागले.

"सम्मेदची करवली मी आहे," ती म्हणाली. "मी नेसते काळं. तुझी साडी, तुझं जाकीट. तू माझ्या शेजारी उभी राहायचीस. तुला कुणी आत बस म्हणालं तर मीही आत बसते. मग करवलीशिवाय लावू देत लग्न."

"आईला सांगितलंस?"

"सांगूनच आले. म्हणाली, दोघी मिळून मला मारताय."

मी किल्ल्या उचलून तिच्या हातात परत दिल्या. तिने माझ्या पदराचे टोक एकदा दोन बोटांत धरले, लाल पडले आहे का बघायला असेल, आणि सोडले.

कलम ९. वरील कारणास्तव कलम ६ मधील अट मी रद्द करत आहे. गाळा ऐश्वर्या हिला बिनशर्त मिळावा. मात्र कलम ६ चा मजकूर कुणी खोडू नये. तो त्रिशलाने अधूनमधून वाचावा, विशेषतः ती सुंदर दिसली असती तो भाग.

गाऊनच्या कापडाची साडी आणि जाकीट ऐश्वर्याला. जाकीट पुन्हा तिच्या मापाला आवळून देत आहे. तिची मान लांब आहे, तिला गळा बंद चालेल. मण्यांचा एकच सर, आणि केसात काही नको. दुकानाच्या व्हिडिओत यापुढे ही डिझाइन कुणाची आहे ते नाव घेऊन सांगावे.

सम्मेदच्या लग्नातील फोटोबाबत: ऐश्वर्या म्हणते आपण दोघी शेजारी उभ्या राहू. मला ते मान्य नाही. त्रिशला वरमाय आहे, मध्यभागी उभे राहण्याचा मान तिचा आहे आणि तो मी काढून घेत नाही. तिच्या एका बाजूला ऐश्वर्या काळ्यात, दुसऱ्या बाजूला मी काळ्यात. मी तोवर नसले, तर माझ्या जागी बनाबाईंनी कलम ४ मधील इरकल नेसून, एका हातात बांगड्या भरून उभे राहावे. तो फोटो मोठा करून "काजळ"च्या काउंटरमागे लावावा.

त्रिशलाने त्या दिवशी काय नेसावे, याबद्दल माझी आता कोणतीही अट नाही. तिने तिची शेंदरी पैठणी अवश्य नेसावी. दोन काळ्यांच्या मधे रंग एकटा पडतो, हे दुकान चालवणाऱ्या बाईला मी सांगायला नको. पुढची कितीतरी वर्षे दुकानात येणारी प्रत्येक मुलगी तो फोटो बघेल आणि काउंटरवरच्या त्रिशलालाच विचारेल की, या मधल्या बाईंना कुणी सांगितले नव्हते का, आज काळे नेसायचे आहे म्हणून?

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो आवडला. खालील दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: (सही) शीलप्रभा गोमटेश मगदूम

साक्षीदार:
१. (सही) डॉ. क्रांती ऋतुराज घोरपडे, शाहूपुरी. सही करतेवेळी लिहून ठेवणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आणि उत्साहात होत्या.
२. (सही) जोतीराम दत्तू सुतार, शेजारी. मजकूर वाचून दाखवल्यावर सही केली.

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: २१ डिसेंबर २०२५